मधुमेही रुग्णाच्या पोटात साखरेचे पाणी: पोटाच्या डायलिसिसचा हिशेब

किडनीचे डॉक्टर पोटाच्या डायलिसिसचा पर्याय समजावून सांगत असतात, पिशवीतल्या पाण्यात साखर असते हे ओघात येते, आणि सोबत आलेल्यांपैकी कोणीतरी हमखास विचारते, "अहो डॉक्टर, इतकी वर्षं यांना चहातसुद्धा साखर घालू दिली नाही आम्ही, आणि आता थेट पोटात साखरेचं पाणी सोडायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर "काही होत नाही, काळजी करू नका" असे दिले जाते तेव्हा रुग्णावर अन्यायच होतो, कारण त्या साखरेने बरेच काही होते. मधुमेह असलेल्या माणसाने हे डायलिसिस करू नये असा त्याचा अर्थ मात्र नाही. पिशवीतल्या साखरेचा, जेवणातल्या मिठाचा आणि इन्शुलिनचा हिशेब एकत्र कसा मांडायचा, हे ज्या घराला समजते त्या घरात हे डायलिसिस चांगले चालते. तोच हिशेब या लेखात मांडला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. भारतात किडनी कायमची निकामी होण्याच्या कारणांमध्ये मधुमेह आघाडीवर आहे. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेमुळे किडनीतल्या सूक्ष्म गाळण्या आधी गळू लागतात, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि पुढे त्या गाळण्या बंद पडत जातात. किडनीचे काम १५ टक्क्यांच्या खाली आले की तो शेवटचा टप्पा मानला जातो. त्याच दिवशी डायलिसिस सुरू होते असे नाही; मळमळ, भूक मरणे, अंगावर न उतरणारी सूज, झोपल्यावर लागणारी धाप अशी लक्षणे आणि रक्ताचे रिपोर्ट एकत्र पाहून तो निर्णय होतो. त्या वेळी मार्ग तीन असतात. पहिला किडनी प्रत्यारोपणाचा. दुसरा यंत्रावरच्या डायलिसिसचा, ज्यात आठवड्यातून साधारण तीन वेळा, दर वेळी चार तास केंद्रात जाऊन रक्त बाहेर काढून गाळले जाते. तिसरा पोटाच्या डायलिसिसचा, जो आपल्याकडे सर्वांत कमी लोकांना माहीत असतो.

आपल्या पोटाच्या आतल्या बाजूला आणि आतड्यांभोवती पेरिटोनियम नावाचे एक पातळ आवरण असते. ते उलगडून पसरले तर त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या त्वचेइतके भरेल, आणि त्यात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. बेंबीच्या खालच्या भागात छोटी शस्त्रक्रिया करून मऊ नळी बसवतात, जखम भरायला शक्यतो दोन आठवडे देतात, आणि मग त्या नळीतून सुमारे दोन लिटर निर्जंतुक द्रव पोटात सोडतात. तो चार ते सहा तास आत राहतो. तेवढ्या वेळात रक्तातले युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम हे त्या आवरणातून द्रवात उतरतात. मग जुना द्रव रिकाम्या पिशवीत काढून टाकायचा आणि नवा भरायचा. या अदलाबदलीला अर्धा-पाऊण तास लागतो आणि ती दिवसातून तीन-चार वेळा करावी लागते. मधल्या वेळात माणूस आपल्या कामाला मोकळा असतो. ज्यांना दिवसा थांबणे जमत नाही त्यांच्यासाठी रात्री झोपेत आठ-दहा तास हीच अदलाबदल आपोआप करणारे यंत्रही मिळते.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीत गेऑर्ग गांटर यांनी १९२३ मध्ये माणसावर तिचा पहिला प्रयोग केला. १९६८ मध्ये हेन्री टेंकहॉफ यांची कायमस्वरूपी नळी आली, जिची सुधारित रूपे आजही वापरात आहेत. आणि १९७६ मध्ये अमेरिकेत पोपोविच व मॉन्क्रिफ यांनी पोटात सतत द्रव ठेवण्याची आजची पद्धत मांडली. सुरुवातीला काचेच्या बाटल्या वापरत आणि पोटात जंतुसंसर्ग वारंवार होई. नंतर प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, मग भरण्याआधी नळी धुऊन घेणारी जोडपिशवी आली, आणि संसर्गाचे प्रमाण खाली आले. पूर्वी कोणा नातेवाइकाला झालेल्या त्रासावरून आज निर्णय घेणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

पिशवीत साखर कशासाठी?

निकामी किडनीचे दुसरे मोठे काम म्हणजे शरीरातले जादा पाणी काढणे, आणि पोटाच्या डायलिसिसमध्ये ते काम साखर करते. कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवली की थोड्या वेळाने त्यांना पाणी सुटते. तसेच पिशवीतली साखर पोटाच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांमधून पाणी आपल्याकडे ओढून घेते. दोन लिटर आत सोडले आणि सव्वादोन लिटर बाहेर आले, तर वरचे पाव लिटर हे शरीरातले जादा पाणी.

पिशव्या प्रामुख्याने तीन तीव्रतेच्या असतात: १.५ टक्के, २.५ टक्के आणि ४.२५ टक्के. दोन लिटरच्या पिशवीत अनुक्रमे ३०, ५० आणि ८५ ग्रॅम साखर असते. ही आपली स्वयंपाकघरातली साखर नव्हे, तर डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज असते. तीव्रता जितकी जास्त तितके पाणी जास्त निघते. सौम्य पिशवी चार तासांत साधारण शंभर-दोनशे मिलिलिटर काढते, तर सर्वांत तीव्र पिशवी पाचशे-सहाशे किंवा त्याहूनही अधिक. हे आकडे माणसागणिक बदलतात, कारण प्रत्येकाचे आवरण वेगळे असते. काहींचे आवरण साखर झटपट शोषून घेते. ती संपली की पाणी ओढणारे कोणी उरत नाही, आणि मग रात्रभर ठेवलेल्या सौम्य पिशवीतून सकाळी टाकले त्याहून कमी पाणी बाहेर येते. आवरण कोणत्या प्रकारचे आहे हे चार तासांच्या एका सोप्या चाचणीत कळते, तिला 'पेट' (पेरिटोनियल इक्विलिब्रेशन टेस्ट) म्हणतात. डायलिसिस सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्याने ती करून घ्यावी, आणि झाली नसेल तर आपणहून विचारावे.

आता साखर शरीरात किती जाते ते पाहू. चार-सहा तासांत पिशवीतली साधारण ६० ते ८० टक्के साखर रक्तात शोषली जाते. समजा एखाद्याच्या दिवसभरात तीन सौम्य आणि एक मध्यम अशा पिशव्या होतात. त्यांत मिळून १४० ग्रॅम साखर झाली. तिचा दोन तृतीयांश भाग शोषला गेला असे धरले, तर ९० ग्रॅमच्या वर साखर तोंडाने काहीही न खाता रक्तात गेली. तिच्यातून सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी मिळतात, म्हणजे तीन-चार पोळ्यांच्या. मध्यम पिशवीच्या जागी तीव्र पिशवी आली की हाच आकडा चारशेच्या जवळ जातो. कोणी म्हणेल, मग एक पोळी कमी करू. आहारतज्ज्ञ हा हिशेब धरतातच, पण तो परस्पर घरी करू नये, कारण याच डायलिसिसमध्ये शरीरातली प्रथिनेही वाहून जातात आणि पोटात द्रव असल्यामुळे भूकही मंदावलेली असते. साखर जाते म्हणून जेवण तोडले आणि माणूस खंगला, असे होऊ द्यायचे नाही.

मिठाने ठरते पिशवी

माझ्या मते मधुमेही रुग्णाच्या घरात सर्वांत आधी आणि सर्वांत ठसवून सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच घाईत सांगितली जाते. रुग्णाला तीव्र पिशवी लागणार की सौम्य, हे मुख्यतः त्याच्या ताटातल्या मिठावर ठरते.

शरीर पाणी धरून ठेवते ते मिठाच्या प्रमाणात. सलाइनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. रक्तातला खारेपणा साधारण त्याच पातळीचा. म्हणजे बाहेर न पडणारे प्रत्येक ९ ग्रॅम मीठ जवळजवळ एक लिटर पाणी आपल्यासोबत अडकवून ठेवते. मीठ जास्त झाले की तहान लागते, पाणी प्यायले जाते, पायांवर सूज येते, रक्तदाब चढतो. मग ते पाणी काढायला तीव्र पिशवी लावावी लागते, तीव्र पिशवीतून जास्त साखर रक्तात जाते आणि इन्शुलिन वाढवावे लागते. एवढ्यावरच हे थांबत नाही. वाढलेली साखर स्वतःच तहान वाढवते, आणि पिशवीचा जोरही कमी करते. तो कसा, ते आकड्यांत पाहू. सौम्य पिशवीतल्या निव्वळ ग्लुकोजचे प्रमाण दर डेसिलिटरला सुमारे १३६० मिलिग्रॅम असते (१.५ टक्के या आकड्यात डेक्स्ट्रोजला जोडलेल्या पाण्याचे वजनही धरलेले असते). रक्तातली साखर १२० असेल तर सुरुवातीचा फरक १२४० चा. रक्तातली साखर ४०० असेल तर तोच फरक ९६० वर येतो, आणि पाणी ओढण्याचा सुरुवातीचा जोर जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटतो. म्हणून "पाणी नीट निघत नाही" अशी तक्रार मधुमेही रुग्णाने केली, की नळी आणि आवरणाची शंका घेण्याआधी साखर तपासून पाहावी.

जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण प्रौढ माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी. आपल्या ताटात ते कुठून येते ते पाहिले पाहिजे. आमटीत वरून घेतलेली चिमूट हा त्याचा लहान भाग झाला. लोणच्याची फोड, पापड (त्यात मिठाशिवाय पापडखारही असतो), शेंगदाण्याची चटणी, मीठ घातलेले ताक, मिसळीवरचे फरसाण, संध्याकाळच्या चहाबरोबरची बाकरवडी किंवा खारी, बेकरीचा पाव, तयार सूपची पाकिटे, हे सगळे मिळून मिठाचा आकडा चढतो. उपवासाला "सैंधव चालतं" हा समज तर पुण्यातल्या घराघरांत आहे. उपवासाला चालत असेलही, पण सैंधव हेदेखील जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते आणि सुजेच्या दृष्टीने त्याच्यात आणि साध्या मिठात फरक नाही. 'लो सोडियम' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते; किडनीच्या रुग्णाने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये. चव आणायची तर लिंबू, आमसूल, आले, लसूण, जिरे, कोथिंबीर, ओली मिरची यांनी आणता येते, आणि तीन-चार आठवड्यांत जिभेला कमी मिठाची सवय होते.

म्हणूनच रोज सकाळी लघवी झाल्यावर, पोटातले पाणी काढून, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहिणे हे साखर तपासण्याइतकेच महत्त्वाचे आहे. दोन दिवसांत वजन एक-दीड किलोने वाढले तर ती चरबी नाही, ते पाणी आहे. त्याच वहीत प्रत्येक पिशवीची तीव्रता, आत किती गेले, बाहेर किती आले, रक्तदाब आणि साखर लिहिली, तर डॉक्टरांना महिनाभराचे चित्र एका नजरेत दिसते.

उलट टोकाला जाणेही धोक्याचे, आणि याला भक्कम पुरावा आहे. मधुमेही रुग्णांमध्ये पिशवीतली साखर कमी केली तर काय होते, हे पाहणाऱ्या दोन आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. साखरेऐवजी इतर द्रव वापरलेल्या गटात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, सुमारे अर्ध्या टक्क्याने सुधारला. पण त्याच गटात मृत्यू आणि इतर गंभीर घटनाही जास्त झाल्या, आणि त्यांतल्या काही घटनांचा संबंध शरीरात पाणी साठण्याशी होता. म्हणजे साखरेच्या भीतीने तीव्र पिशवी टाळायची आणि अंगात पाणी साठू द्यायचे, हा सौदा जिवावर बेतू शकतो. सूज असेल, धाप लागत असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेली तीव्र पिशवी लावायचीच आणि वाढलेल्या साखरेला इन्शुलिनने उत्तर द्यायचे. पिशवी सौम्य ठेवण्याचा खरा मार्ग स्वयंपाकघरातून जातो.

याला आणखी एक वाट आहे, ती म्हणजे उरलेली लघवी जपणे. डायलिसिस सुरू झाले तरी अनेकांना दिवसाला पाऊण-एक लिटर लघवी होत असते, आणि पोटाच्या डायलिसिसमध्ये ती यंत्रावरच्या डायलिसिसपेक्षा जास्त काळ टिकते असे दिसून आले आहे. लघवीतून जाणारा प्रत्येक पेला पिशवीतल्या साखरेवाचून जातो. ज्यांना चांगली लघवी होते त्यांना सुरुवातीला दोन किंवा तीनच पिशव्याही पुरू शकतात. म्हणून गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि घटक माहीत नसलेली चूर्णे किंवा भस्मे यांपासून दूर राहावे, आणि डाय टोचून होणाऱ्या स्कॅनआधी किडनीच्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

साखर नसलेली पिशवी आणि ग्लुकोमीटरची फसगत

आयकोडेक्स्ट्रिन नावाचा एक वेगळा द्रव मिळतो. तो स्टार्चपासून बनवलेला असतो. त्याचे रेणू मोठे असल्यामुळे ते सावकाश शोषले जातात आणि आठ ते सोळा तास पाणी ओढत राहतात. दिवसातून एकदा, सहसा रात्रीच्या लांब पल्ल्यासाठी तो वापरतात. मधुमेही रुग्णाला, विशेषतः ज्याचे आवरण साखर झटपट शोषते त्याला, याचा खरोखर उपयोग होतो. तो महाग पडतो आणि सगळीकडे सहज मिळत नाही, ही अडचण आहेच.

पण त्याच्याबरोबर येणारा एक धोका रुग्णाच्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. आयकोडेक्स्ट्रिन शरीरात गेल्यावर त्यापासून माल्टोज तयार होते. काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्या माल्टोजलाही ग्लुकोज समजतात आणि रक्तातली साखर आहे त्यापेक्षा खूप जास्त दाखवतात. ज्या पट्ट्यांत जीडीएच-पीक्यूक्यू नावाची रासायनिक पद्धत असते त्यांत हे घडते. समजा यंत्र २२० दाखवते, प्रत्यक्षात साखर ६० असते, आणि घरच्यांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवून इन्शुलिन दिले, तर रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. असे प्रसंग घडलेले आहेत आणि त्यांत मृत्यूही झालेले आहेत. हा द्रव बंद केल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत आकडे चुकू शकतात. आपल्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या माल्टोजने फसत नाहीत ना, हे उत्पादकाच्या पत्रकावरून किंवा डायलिसिसच्या नर्सकडून पक्के करून घ्यावे. आणि हा रुग्ण दुसऱ्या कारणाने कोणत्याही रुग्णालयात भरती झाला, तर "यांना आयकोडेक्स्ट्रिन चालू आहे, साखर प्रयोगशाळेतूनच तपासा" हे वाक्य तिथल्या डॉक्टरांना आणि नर्सना आवर्जून सांगावे. अतिदक्षता विभागातल्या मीटरबद्दलही हेच लागू आहे.

इन्शुलिन, गोळ्या आणि एचबीएवनसी

निरोगी माणसात इन्शुलिनचा मोठा वाटा किडनी मोडून टाकते. किडनी निकामी झाली की टोचलेले इन्शुलिन जास्त वेळ टिकते, आणि त्यामुळे डायलिसिसच्या आधीच्या काळात अनेकांचा डोस चौथ्या हिश्श्याने, कधी निम्म्याने उतरवावा लागतो. काहींचे तर इन्शुलिन बंदच होते आणि "किडनी गेली पण साखर बरी झाली" असे घरचे म्हणू लागतात. साखर बरी झालेली नसते. पोटाचे डायलिसिस सुरू झाल्यावर पिशवीतली साखर रक्तात येऊ लागते, आणि थांबलेले इन्शुलिन पुन्हा लागू शकते किंवा चालू असलेले वाढवावे लागते. यात रुग्णाचा काही दोष नसतो. डोस कधी वाढेल हे पिशव्यांच्या वेळापत्रकावर अवलंबून असते: रात्री यंत्रावर असणाऱ्याची साखर रात्रीतून चढते, दिवसा पिशव्या बदलणाऱ्याची दिवसभर थोडी थोडी. त्यामुळे इन्शुलिनचे वेळापत्रक बसवताना मधुमेहाच्या डॉक्टरांना पिशव्यांच्या वेळा लेखी द्याव्यात. पुण्यात मधुमेहाचे डॉक्टर एकीकडे आणि किडनीचे दुसरीकडे, अशी स्थिती बहुतेक रुग्णांची असते, आणि दोघांच्या मध्ये ही माहिती नेऊन पोहोचवणारा माणूस रुग्णाच्या घरातलाच असावा लागतो.

पूर्वी इन्शुलिन थेट पिशवीत मिसळत असत. ते पिशवीच्या प्लॅस्टिकला चिकटते, म्हणून डोस बराच जास्त लागतो, आणि पिशवीला सुई टोचण्याने जंतू शिरण्याची भीती असते. आता त्वचेखालीच टोचणे पसंत करतात. गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन या टप्प्याच्या बऱ्याच आधी बंद झालेली असते आणि ती बंदच राहायला हवी. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या अंगात साठून साखर धोकादायकरीत्या उतरवतात. लिनाग्लिप्टिनसारख्या काही मोजक्या गोळ्या डोस न बदलता चालतात. जुन्या प्रिस्क्रिप्शनवर गोळ्या आणत राहण्याची सवय इथे महागात पडते.

एचबीएवनसी या चाचणीवर डायलिसिसच्या रुग्णाने एकटीवर विसंबू नये. ही चाचणी तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजते. किडनीच्या आजारात या पेशी लवकर मरतात, रक्तवाढीच्या इंजेक्शनांमुळे नव्या पेशी भराभर येतात, कधी रक्तही चढवलेले असते. त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. ६.५ चा रिपोर्ट पाहून घरात पेढे वाटावेत अशी स्थिती नसते. रोजच्या बोटाच्या तपासण्या, आणि परवडत असेल तर दंडावर लावायचा सेन्सर, यांवरून जास्त खरे चित्र मिळते.

आहारातल्या इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. काढलेल्या पाण्याबरोबर दिवसाला ५ ते १० ग्रॅम प्रथिने जातात, म्हणून दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. किडनी बिघडत असताना डाळ कमी करायला सांगितलेल्या घराला हा बदल पचायला वेळ लागतो. अंड्याचा पांढरा भाग, मासे, चिकन, मुगाची डाळ, मटकी आणि बेताने पनीर यांतून ते जमवता येते. पोटॅशियमचे बंधन यंत्रावरच्या डायलिसिसपेक्षा बहुधा सैल असते, कधी तर रक्तातले पोटॅशियम कमीच पडते. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या जेवताना घ्यायच्या, नंतर नव्हे.

गढूळ पाणी दिसले तर

पोटाच्या डायलिसिसमधली सर्वांत मोठी भीती म्हणजे पोटातला जंतुसंसर्ग, पेरिटोनायटिस. नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: बाहेर आलेले पाणी गढूळ दिसले तर, पोट दुखत नसले आणि ताप नसला तरीही, ती पिशवी फेकून न देता सोबत घेऊन त्याच दिवशी डायलिसिस विभागात जायचे. त्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. दर मायक्रोलिटरला शंभराच्या वर आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असल्या की उपचार सुरू होतात, बहुतेक वेळा प्रतिजैविक पिशवीतूनच देऊन. वेळेत पोहोचलेल्या बहुतेकांचा संसर्ग बरा होतो आणि नळीही वाचते. पोटाच्या डायलिसिसवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार कोणत्याही केंद्रात हे प्रमाण रुग्णामागे वर्षाला ०.४ पेक्षा जास्त असू नये, म्हणजे सरासरी अडीच वर्षांत एकाहून जास्त वेळ नाही. केंद्र निवडताना "तुमच्याकडे हे प्रमाण किती आहे?" असे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

पिशवी बदलताना पंखा बंद, खिडकी-दार बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे, आणि मगच नळीला स्पर्श. मधुमेहामुळे नजर अधू झालेली असेल किंवा बोटांना मुंग्या येऊन पकड सैल झाली असेल, तर हे काम रुग्णाने एकट्याने करण्याचा हट्ट धरू नये. पत्नी, मुलगा, सून, कोणीही एक जण आठवडाभराच्या प्रशिक्षणात ते नीट शिकतो. मात्र शिकलेली माणसे दोन असावीत. घरातल्या एकाच बाईवर दिवसाच्या चारही पिशव्या, वर्षाचे बारा महिने टाकणे तिच्यावर अन्याय करणारे आहे, आणि थकलेल्या हातांकडूनच चूक होते. नळीच्या तोंडाशी रोज स्वच्छता करून सांगितलेले मलम लावावे. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, कारण भरलेल्या आतड्यांमुळे नळी सरकते आणि पाणी निघायचे थांबते. मधुमेहात आतडी मुळातच मंद असतात.

यंत्र की पोट?

मधुमेही रुग्णासाठी यांतले एक दुसऱ्यापेक्षा निर्विवाद चांगले, असे म्हणता येत नाही. चिठ्ठ्या टाकून रुग्ण दोन गटांत वाटल्याशिवाय खरी तुलना होत नाही, आणि इतका मोठा निर्णय चिठ्ठीवर सोडायला फार थोडे लोक तयार होतात. नेदरलँड्समधल्या अशा एका प्रयत्नाचे निष्कर्ष २००३ मध्ये आले तेव्हा त्यात फक्त ३८ रुग्ण होते. बाकीच्या अभ्यासांतून ढोबळमानाने असे दिसते की पहिली दोन-तीन वर्षे पोटाचे डायलिसिस तोडीस तोड किंवा थोडे सरस ठरते, आणि वयस्कर, इतर आजार असलेल्या मधुमेहींमध्ये पुढे यंत्राकडे थोडे झुकते माप जाते. हा फरक अलीकडच्या काळात कमी झाला आहे.

म्हणून निर्णय माणूस पाहून घ्यावा. मधुमेहात हाताच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे फिस्चुला, म्हणजे यंत्रावरच्या डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली वाट, अनेकदा नीट तयार होत नाही. यंत्रावर चार तासांत दोन-तीन लिटर पाणी काढताना ज्यांचा रक्तदाब धाडकन खाली येतो, ज्यांचे हृदय कमकुवत आहे, त्यांना पोटाचे हळूहळू चालणारे डायलिसिस मानवते. उलट ज्यांच्या पोटावर मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, मोठा हर्निया आहे, घरात मदतीला कोणीच नाही, किंवा मधुमेहामुळे जठर इतके मंद आहे की दोन लिटर द्रवाने उलट्या होतात, त्यांनी यंत्राचा विचार करावा.

पुणे आणि आसपासच्या गावांसाठी आणखी काही व्यावहारिक गोष्टी आहेत. भोर, मुळशी किंवा जुन्नरच्या आतल्या गावातून आठवड्यात तीनदा केंद्र गाठणे म्हणजे रुग्णाबरोबर आणखी एका माणसाची मजुरी बुडणे. तिथे घरच्या घरी होणारे डायलिसिस मोठा दिलासा देते. पेठांमध्ये राहणाऱ्याला विसर्जनाच्या मिरवणुकीत रस्ते बंद असतानाही आपली पिशवी वेळेवर बदलता येते. हाताने बदलायच्या पिशवीला वीज लागत नाही; रात्रीच्या यंत्राला लागते, म्हणून वीज गेल्यास हाताने बदलायचे कसे हेही शिकून ठेवावे. देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवले जाणाऱ्या भागात हात धुण्यापुरते स्वच्छ पाणी बाजूला भरून ठेवावे. आणि जागेचा विचार आधी करावा: रोज चार म्हणजे महिन्याला १२० पिशव्या, २४० लिटर द्रव. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ती खोकी कोण चढवणार आणि ऊन न लागणाऱ्या कोणत्या कोपऱ्यात ठेवणार, हे ठरवूनच सुरुवात करावी. खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात सुरुवातीला यंत्रावरच्या डायलिसिसवरच भर होता. पोटाच्या डायलिसिससाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये आली, त्यामुळे यंत्राची सोय माहीत असलेल्या अनेकांना दुसऱ्याबद्दल विचारायचे सुचतही नाही.

वर्षांमागून वर्षे साखरेच्या संपर्कात राहून पोटाचे आवरणही बदलते. ते जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या येतात, साखर अधिक लवकर शोषली जाते आणि पाणी निघणे कमी होते. काही वर्षांनी यंत्राकडे वळावे लागले तर त्यात अपयश नाही, आणि ती शक्यता धरून दंडाच्या व मनगटाच्या शिरा पहिल्यापासून जपाव्यात. ज्या हातावर पुढे फिस्चुला करायचा त्या हातातून रक्त काढू देऊ नये. प्रकृती साथ देत असेल तर प्रत्यारोपणासाठी नावही लगेच नोंदवावे. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठीची यादी आपल्याकडे पुण्याचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र सांभाळते आणि नोंदणी रुग्णालयामार्फत होते.

या सगळ्या वाटेवर एक प्रसंग असा येतो की ज्याची कल्पना घरच्यांना क्वचितच दिलेली असते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी, नळी काढावी लागल्यामुळे, यंत्राकडे वळताना किंवा प्रत्यारोपणाच्या वेळी पिशव्या एकाएकी थांबतात. त्या दिवसापासून रोजची शंभर-एक ग्रॅम साखर रक्तात येणे बंद होते, पण इन्शुलिनचा डोस तिच्या हिशेबानेच वाढवलेला असतो. तोच डोस चालू राहिला तर साखर पहिल्याच रात्री उतरू शकते. म्हणून पिशव्या थांबवायच्या असे ठरल्यावर इन्शुलिन किती कमी करायचे हे त्याच बैठकीत डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, पहिले दोन-तीन दिवस रात्री दोन-तीन वाजताही साखर तपासावी, आणि ग्लुकोजची पावडर उशाशी ठेवावी.